कुणाकडून आलं?

“कुणाकडून आलं?” हा प्रश्न आपल्याकडे बाळ पाळण्यात असल्यापासून विचारला जातो. नाक कुणाकडून आलं, गळा कुणाकडून आला, गणिताचं डोकं कुणाकडून... बारशाची पंगत बसायच्या आत सगळी वाटणी होऊन जाते. चांगलं काही असेल तर दोन्ही घरं हात वर करतात, आणि हट्टीपणा मात्र नेहमी ‘तिकडचा’ असतो :-) इथपर्यंत मजा आहे. त्यात मीही हिरिरीने भाग घेते.

पण हाच प्रश्न एका चार वर्षांच्या मुलीच्या बोन मॅरोच्या रिपोर्टवरून विचारला गेला, तेव्हा मला चीड आली. ती अजून गेलेली नाही, म्हणून हे लिहितेय.

नात्यातलंच घर आहे. मुलीच्या आईला विचारून लिहितेय, नाव-गाव लिहिणार नाही. (ज्यांना कळायचं त्यांना कळेलच, आणि त्यांनी हे वाचावं अशीच इच्छा आहे.) मुलीला ल्युकेमिया झाला, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. तपासण्या झाल्या, आणि रिपोर्ट हातात देताना कुणीतरी घाईघाईत सांगितलं, “गुणसूत्रांत दोष आहे.” बस्स, एवढंच. संध्याकाळपर्यंत सगळीकडे फोन फिरले. सासरच्यांना आठवलं की मुलीच्या आईच्या मावशीला कसलीशी गाठ होती. माहेरच्यांनी उत्तरादाखल आजेसासऱ्यांचा पोटाचा आजार उकरून काढला. एका आत्यांनी गरोदरपणातल्या ग्रहणाची तारीख शोधली. आणि चार-पाच दिवसांनी एकांनी अगदी समजूतदार आवाजात सुचवलं की मोठ्या चुलत बहिणीसाठी स्थळं बघणं चाललंय, तर ‘हे गुणसूत्रांचं’ बाहेर फार बोलू नये.

आई हे सगळं हॉस्पिटलच्या वॉर्डातून, सलाईनच्या नळीकडे बघत, फोनवर ऐकत होती.

मी डॉक्टर नाही. कॉलेजात जीवशास्त्र होतं आणि नंतर आयुष्य बँकेत गेलं. पण तेव्हापासून जमेल तेवढं वाचलं, आणि जे कळलं त्यावरून माझं म्हणणं असं आहे की त्या रिपोर्टमधली गुणसूत्रं ही आजारी पेशींची गुणसूत्रं आहेत. मुलीची नाहीत. आईची, बापाची, घराण्याची तर नाहीतच.

निम्मा घोटाळा शब्दाने केलाय असं मला वाटतं. मूळ शब्द ‘क्रोमोसोम’. १८८८ साली वाल्डायर नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने ग्रीक शब्द जोडून तो बनवला. अर्थ काय, तर रंग घेणारी वस्तू. सूक्ष्मदर्शकाखाली रंग टाकला की या काड्या गडद दिसतात, म्हणून. त्यात गुण नाही, अवगुण नाही, कुळ नाही. गुजरातीत ‘रंगसूत्र’ म्हणतात, ते याच अर्थाला धरून. आपण मात्र ‘गुणसूत्र’ म्हटलं. शब्द सुंदर आहे, शाळेत शिकवायला सोपा आहे, आणि आनुवंशिकतेच्या धड्यात तो चपखल बसतो. पण ज्या भाषेत ‘खाण तशी माती’ ही म्हण आहे, तिथे ‘गुणसूत्रांत दोष’ म्हटलं की ऐकणाऱ्याला खाणीतच खोट आहे असं ऐकू येतं. डॉक्टर पेशीबद्दल बोलत असतात, आजी खानदानाबद्दल ऐकत असते. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असतात आणि मधे त्या मुलीची आई सापडते.

आता रिपोर्ट कसा तयार होतो ते बघा, कारण तिथेच उत्तर आहे.

आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, २३ आईकडून आणि २३ वडिलांकडून. (हा आकडासुद्धा फार जुना नाही. १९५६ पर्यंत सगळी पुस्तकं ४८ म्हणत होती. स्वीडनमधल्या लुंड इथे त्जिओ आणि लेव्हान यांनी नीट मोजून ४६ आहेत असं दाखवलं.) ही गुणसूत्रं एरवी सुटी-सुटी दिसत नाहीत. पेशी दुभंगायच्या बेतात असते तेवढ्यापुरतीच ती आखडून जाड होतात. कॉलेजात कांद्याच्या मुळाचं टोक ठेचून काचपट्टीवर आम्ही हेच शोधायचो आणि पन्नास पेशींत एखादी ‘बरोबर वेळेला सापडलेली’ दिसली की आरडाओरडा करायचो. प्रयोगशाळेत नशिबावर ठेवत नाहीत. मुलीच्या कमरेच्या हाडातून काढलेला मॅरो एक-दोन दिवस वाढवतात आणि मग त्यात कोल्चिसिनच्या जातीचं औषध घालतात. त्यामुळे दुभंगायला निघालेल्या पेशी तिथल्या तिथे थबकतात. मग त्या फुगवून, काचेवर टाकून, रंगवून साधारण वीसेक पेशींमधली गुणसूत्रं एकेक करून तपासतात.

जाता जाता, हे कोल्चिसिन आपल्याकडच्या कळलावीच्या कंदातही असतं. (वनस्पतीबद्दल बोलतेय. नात्यातल्या कळलाव्यांबद्दल पुढे येईल.) आणि पेशींचं दुभंगणं अशाच प्रकारे अडवणारं दुसरं औषध, व्हिन्क्रिस्टिन, अंगणातल्या सदाफुलीपासून मिळतं. ते लहान मुलांच्या ल्युकेमियावर १९६० च्या दशकापासून आजपर्यंत वापरात आहे. म्हणजे आजार ओळखायला कळलावीच्या गुणाचं औषध आणि मारायला सदाफुलीचं. हे वाचल्यापासून मी सदाफुलीकडे जरा वेगळ्या नजरेने बघते.

तर, तपासल्या जातात त्या पेशी मॅरोतल्या, आणि त्यांत बिघडतात त्या कॅन्सरच्या. त्याच मुलीच्या गालाच्या आतून किंवा त्वचेतून पेशी घेतल्या तर बहुतेक वेळा तिथे ४६ च्या ४६ ठाकठीक असतात. आणि याहून मोठा पुरावा हवा असेल तर महिनाभर थांबा. औषधांचा पहिला टप्पा संपून आजार आटोक्यात आला की पुन्हा मॅरो तपासतात, आणि तेव्हा साध्या तपासणीत ती बिघडलेली गुणसूत्रं दिसेनाशी होतात. आईबापांकडून आलेली गोष्ट अशी महिनाभराच्या औषधाने जाते का हो? डोळ्यांचा रंग जातो? जन्मजात बदल प्रत्येक पेशीत असतो, तो केमोथेरपीने धुतला जात नाही. जो गेला तो आजाराचा होता.

मला हे समजायला ज्ञानेश्वरीची एक गोष्ट उपयोगी पडली. ज्ञानेश्वरीच्या हाताने लिहिलेल्या प्रती होत होत तीनशे वर्षांत त्यात इतके पाठभेद शिरले की एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, बसून शुद्ध प्रत तयार केली. एखाद्या लेखनिकाच्या हातून ओवी सुटली की त्या प्रतीवरून झालेल्या सगळ्या प्रतींत ती सुटलेलीच राहणार. पण म्हणून कुणी म्हणालं का की ज्ञानदेवांच्या घराण्यातच खोट होती? शरीरात पेशींच्या प्रती आयुष्यभर होत असतात. रक्ताच्या पेशी तर रोज अब्जावधींनी. त्यातल्या एका प्रतीत दोन पानांची अदलाबदल झाली आणि नेमकी ती प्रतच भराभर पुढे उतरवली गेली, तर होतो तो कॅन्सर. मूळ ग्रंथ जागच्या जागी ठीक असतो.

कॅन्सरचा आणि बिघडलेल्या गुणसूत्रांचा संबंध असावा, हे ठामपणे मांडलं ते समुद्रातल्या साळिंदराच्या, म्हणजे सी-अर्चिनच्या अंड्यांवर काम करणाऱ्या थिओडोर बोव्हेरी या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने. १९१४ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिलं आणि पुढच्याच वर्षी तो गेला. पुरावा मिळायला १९६० उजाडावं लागलं. अमेरिकेत फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफर्ड या दोघांना मोठ्या माणसांच्या एका ल्युकेमियात एक ठेंगणं गुणसूत्र सापडलं आणि त्याला गावाचंच नाव पडलं. ते ठेंगणं का, हे शिकागोच्या जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये सांगितलं. २२ नंबरचा तुकडा हरवला नव्हता, तो ९ नंबरला जाऊन चिकटला होता! या बाई चार मुलांना वाढवताना कित्येक वर्षं अर्धवेळ काम करत होत्या. गुणसूत्रांचे फोटो घरी आणून, कात्रीने कापून, जेवणाच्या टेबलावर जोड्या लावत बसायच्या. आई कागदाच्या बाहुल्या खेळते म्हणून मुलं चिडवायची. मला या संपूर्ण इतिहासातलं हे टेबल सगळ्यात जास्त आवडतं.

बरं, आता ‘दोष’ या शब्दाकडे वळते, कारण तोही दिशाभूल करतो.

लहान मुलांच्या नेहमीच्या ल्युकेमियात (ए.एल.एल. म्हणतात त्याला) पाव ते तीस टक्के मुलांच्या आजारी पेशींत ४६ ऐवजी ५१ ते ६५ च्या आसपास गुणसूत्रं असतात. ऐकून धस्स होतं ना? पाच-पाच, दहा-दहा जास्तीची! पण डॉक्टरांच्या दृष्टीने ही चांगल्यातली बातमी असते. अशा पेशी औषधांना लवकर बळी पडतात आणि या मुलांचं बरं होण्याचं प्रमाण उत्तम असतं. उलट गुणसूत्रं बरीच कमी झाली असतील, म्हणजे चाळिशीच्या आत आली असतील, तर आजार चिवट. आणि १२ व २१ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदललेले असतील तर पुन्हा चांगली बातमी. हा बदल पाश्चात्त्य देशांत साधारण चारातल्या एका मुलात दिसतो, आपल्याकडच्या अभ्यासांत जरा कमी. गंमत म्हणजे तो नेहमीच्या रंगवलेल्या काचेवर दिसतच नाही. बदललेले तुकडे इतके सारखे दिसतात की नजर फसते. १९९४-९५ पर्यंत तो कुणाच्या लक्षात आला नव्हता. चमकणारे रंग लावून ‘फिश’ नावाची वेगळी तपासणी करावी लागते.

म्हणजे ज्या रिपोर्टला घरात सगळे ‘दोष’ म्हणून कुजबुजत होते, त्यात चांगली बातमीही असू शकते. आमच्या मुलीच्या बाबतीत ती होती. पण कुजबुजीच्या नादात ‘कोणता बदल?’ हे कुणी विचारलंच नाही! तिच्या आईला ते दहा दिवसांनी कळलं.

आता सगळ्यात अवघड भाग, कारण इथे आईला दोष देणाऱ्यांना आयतं कोलीत मिळतं.

यातले काही बदल मूल पोटात असतानाच झालेले असतात. हे सिद्ध कसं झालं तेही वाचण्यासारखं आहे. इंग्लंडसारख्या देशांत नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन कागदावर टिपून ठेवतात. इतर आजारांच्या तपासणीसाठी असतं ते. मेल ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ ते १९९९ मध्ये, पुढे ल्युकेमिया झालेल्या मुलांचे हे जुने कागद शोधून काढले. काही वर्षांनी आजारी पडलेल्या मुलांच्या जन्माच्या वेळच्या त्या वाळलेल्या थेंबांत तोच तुकड्यांचा बदल सापडला.

“बघा, म्हणजे पोटातच झालं ना!” हो. पण पुढे ऐका.

एकसारख्या जुळ्यांत दोघांनाही ल्युकेमिया झाल्याची उदाहरणं पूर्वीपासून माहीत होती, आणि कुणालाही वाटेल की हे नक्की आनुवंशिक. १९९३ मध्ये दिसून आलं की अशा दोन्ही बाळांच्या पेशींतला सांधा अगदी तंतोतंत एकच आहे, आणि तो त्यांच्या आईबापांत नाही. मग दोघांत आला कसा? तर एका बाळाच्या एका पेशीत तो झाला, आणि दोघांची वार एकच असल्यामुळे त्या पेशीची पिल्लावळ रक्तातून दुसऱ्या बाळात गेली. म्हणजे जे सगळ्यात ‘खानदानी’ दिसत होतं, ते आईकडूनही आलं नव्हतं आणि बापाकडूनही नाही. एका भावंडाकडून दुसऱ्याकडे गेलं होतं!

आणि एवढं होऊनही, १२ आणि २१ च्या बदलासारख्या प्रकारांत जुळ्यांपैकी एक आजारी पडलं तरी दुसरं बहुतेक वेळा ठणठणीत राहतं. (अगदी तान्ह्या बाळांच्या ल्युकेमियात मात्र, जिथे ११ नंबरचं गुणसूत्र तुटतं, तसं नसतं. तो आजार वेगळाच आणि कठीण.) कारण पहिला बदल एकटा पुरत नाही. त्यावर पुढे आणखी काही बदल व्हावे लागतात. निरोगी बाळांतही तो पहिला बदल सापडतो. किती बाळांत, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. २००२ च्या एका अभ्यासात सुमारे शंभरात एक आढळलं, २०१८ च्या एकात त्याहून जास्त, मधल्या एकात फारच कमी. पण आईने पपई खाल्ली म्हणून किंवा ग्रहणात विळी हातात धरली म्हणून १२ नंबरचा तुकडा २१ ला जाऊन चिकटला, असं यातलं कुठलंही संशोधन म्हणत नाही. गरोदरपणी पोटाचे एक्स-रे काढण्याचा संबंध मात्र ॲलिस स्ट्युअर्ट यांनी १९५० च्या दशकात दाखवला होता, आणि म्हणूनच ते आता शक्यतो टाळतात. गरोदरपणात खरंच काय जपायचं हे अशा संशोधनातून कळतं, आत्याबाईंच्या पंचांगातून नाही.

आणखी एक. मोठ्या माणसांच्या कॅन्सरमध्ये तंबाखू, धूर, वय असं सगळं वर्षानुवर्षं साठत जातं. मुलांचं तसं नाही. २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात मुलांच्या कॅन्सरमधले जनुकीय बदल मोठ्यांच्या तुलनेत सरासरी चौदा पटींनी कमी भरले. हजार छोट्या चुकांऐवजी एखादीच मोठी उलथापालथ असते. हाडांच्या युइंग सार्कोमात तर ११ आणि २२ या गुणसूत्रांचे तुकडे बदलले की त्यातून जन्मणारं एक जोडजनुक मुख्य कारण ठरतं. चार वर्षांच्या पोरीने आयुष्यात काय चुकीचं खाल्लं-प्यायलं असेल?

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर उद्या कुणीतरी डोळ्यांच्या कॅन्सरचं उदाहरण तोंडावर फेकेल. आणि ते बरोबरच असेल.

रेटिनोब्लास्टोमा हा लहान मुलांच्या डोळ्यांतला कॅन्सर. फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत बाहुली लाल न दिसता पांढरी चमकते, ते त्याचं लक्षण. (हे एवढं वाक्य तरी लक्षात ठेवाच.) १९७१ मध्ये आल्फ्रेड नुडसन यांनी अशा ४८ रुग्णांचा हिशेब मांडून दाखवलं की इथे दोन घाव लागतात. काही मुलांत पहिला घाव जन्मापासून प्रत्येक पेशीत असतो, बाकीच्यांत दोन्ही घाव नंतर एकाच पेशीवर पडतात. तो घाव १३ नंबरच्या गुणसूत्रावर असतो. साधारण ४० टक्के मुलांत हा प्रकार पुढच्या पिढीत जाऊ शकणारा असतो. पण त्यातही बहुतेकांच्या घरात आधी कुणालाच झालेला नसतो, बदल त्या मुलापासूनच सुरू होतो. डाऊन सिंड्रोमच्या मुलांत २१ नंबरचं गुणसूत्र जन्मतःच जास्तीचं असतं आणि त्यांना ल्युकेमियाचा धोका बराच जास्त. फॅन्कोनी ॲनिमियासारखे दुर्मीळ आजार दोन्ही बाजूंनी सदोष जनुक आलं तर होतात, आणि नात्यात लग्नं होतात तिथे ते जास्त दिसतात. वर म्हटलं त्या चाळिशीच्या आतल्या गुणसूत्रांच्या ल्युकेमियातही काही मुलांत मुळातला बदल जन्मजात निघतो. अमेरिकेत कॅन्सर झालेल्या ११२० मुलांची जनुकं तपासून २०१५ मध्ये अहवाल आला, त्यात ८.५ टक्के मुलांत असं जन्मजात कारण मिळालं.

म्हणजे साधारण दहा-बारा मुलांत एक. आणि त्या एका मुलाच्या बाबतीत “कुणाकडून आलं?” हा प्रश्न विचारायलाच हवा. पण तो रक्ताची वेगळी तपासणी लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी विचारायचा, आणि का, तर धाकट्या भावाचे डोळे वेळेत तपासता यावेत म्हणून. वेळेत सापडला तर हा कॅन्सर बरा होतो, दृष्टीही वाचू शकते. फोनवर तो विचारून कुणाचे डोळे वाचत नाहीत. उरलेल्या दहा-अकरा घरांत तर हा प्रश्न म्हणजे निव्वळ क्रूरपणा आहे, मग तो कितीही काळजीच्या सुरात विचारलेला असो.

या कुजबुजीची किंमत काय पडते, ते मला सांगायचंय. गुणसूत्रांची तपासणी ही आजार सापडल्याबरोबर, औषधं सुरू होण्याआधी व्हावी लागते. कारण वर सांगितलंच, औषधं सुरू झाली की आजारी पेशी जायला लागतात आणि मग तपासायला काही उरत नाही. गावाकडे ताप आणि गाठी बघून आधीच स्टेरॉइड दिलं गेलं तर हा पुरावा बुजतो. त्यात ‘गुणसूत्रं’ हा शब्द ऐकूनच घरचे बिचकले, “ती तपासणी कशाला, उगाच कागदावर येईल” म्हणाले, तर त्या मुलाला नेमकं किती तीव्र औषध द्यायचं हे ठरवायचा एक मोठा आधार गेला. कमी दिलं तर आजार उलटतो, जास्त दिलं तर औषधांचेच दुष्परिणाम जीवावर येतात.

राउलीबाईंनी टेबलावर जुळवलेला तो ९ आणि २२ चा बदल ल्युकेमिया झालेल्या मुलांपैकी तीन ते पाच टक्क्यांत असतो. पूर्वी ही मुलं फार थोडी वाचायची. मग नेमक्या त्याच बदलावर घाव घालणारी इमॅटिनिबची गोळी आली, मोठ्यांसाठी २००१ मध्ये. मुलांच्या केमोथेरपीला तिची जोड दिल्यावर २००९ मधल्या अहवालात तीन वर्षांनंतर आजार न उलटलेल्या मुलांचं प्रमाण सुमारे ८० टक्के होतं. आधीच्या मुलांत ते ३५ च्या आसपास होतं. ही गोळी कुणाला द्यायची हे चेहरा बघून कळत नाही. पत्रिका बघून तर नाहीच.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात आणि कित्येक गरीब व मध्यम देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. त्यामागे पैसा आहे, अंतर आहे, उशीर आहे. पण लपवाछपवीही आहे, आणि ती मुलींच्या वाट्याला जास्त येते. आपल्या देशातल्या हॉस्पिटलांत कॅन्सरच्या उपचारांना येणाऱ्या मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा इतकी जास्त आहे की निव्वळ शरीरशास्त्राने ती समजावता येत नाही. मग त्या मुली कुठे जातात? “पुढे लग्नाचं बघायचंय” हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, आणि तेही चुलत बहिणीच्या लग्नासाठी. जिला आजार आहे तिच्यासाठी नाही, जिला काहीही झालेलं नाही तिच्यासाठी!

तर काकू, आत्या, मामा, सगळ्यांना सांगणं एवढंच. फोन जरूर करा. पण करताना दुसरे प्रश्न विचारा. प्लेटलेट द्यायला कुणी हवंय का, मोठ्या भावाला शाळेतून कोण आणतं, रात्री वॉर्डात थांबायला बदली हवी का. रिपोर्टबद्दल विचारायचंच असेल तर “कोणता बदल निघाला आणि त्याने औषधांत काय फरक पडणार?” असं विचारा. हा प्रश्न आईला डॉक्टरांपुढे नेता येतो. पणजोबांच्या पोटाचं काय करणार ती?

आणि रिपोर्ट समजावणाऱ्यांनाही एक विनंती. “गुणसूत्रांत दोष आहे” याऐवजी “आजारी पेशींच्या गुणसूत्रांत बदल झालाय, तो आईवडिलांकडून आलेला नाही” असं म्हणायला दहा सेकंद जास्त लागतील. त्या एकापुढे मात्र आवर्जून सांगा की तुमच्या बाबतीत आम्हाला घरच्यांचीही तपासणी करायची आहे, आणि का.

आमची मुलगी सध्या गोळ्यांच्या लांबलचक टप्प्यावर आहे, एकूण दोन-अडीच वर्षांचं काम असतं. केस परत आलेत, कुरळे. (ते कुणाकडून आले यावर चर्चा करायला माझी काही हरकत नाही.)

शब्दाचं मात्र डोक्यातून जात नाही. ‘सूत्र’ ठेवून ‘गुण’ बाजूला काढता येईल, आणि दवाखान्यात कानाला खटकणार नाही असं काही कुणाला सुचतंय का? मला ‘रंगसूत्र’च उसनं घ्यावंसं वाटतंय.